सुंता केल्याने गुप्तरोग टळतात का? १८५५ साली एका डॉक्टरने मांडलेल्या हिशोबाचा निकाल लागायला दीडशे वर्षं गेली

मेडिकलला असलेला एखादा मित्र असेल तर त्याला हचिन्सनचे दात म्हणजे काय ते विचारून बघा. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न असल्याने तो झोपेतही उत्तर देईल. आईच्या पोटातच गरमीची, म्हणजे सिफिलिसची लागण झालेल्या मुलांचे पुढचे दात खुंट्यासारखे आणि टोकाला खाच पडलेले येतात, त्यांना हे नाव आहे.

आता त्याच मित्राला विचारा की हा हचिन्सन होता कोण. इथे बहुतेक गाडी अडते.

आणि गंमत म्हणजे ज्या कारणासाठी आज त्याची आठवण काढायला हवी, त्याचा दातांशी काहीच संबंध नाही. सुंता आणि लैंगिक आजार यांचा संबंध आहे का, हा प्रश्न आकडे हातात घेऊन पहिल्यांदा मांडणाऱ्या मोजक्या लोकांत त्याचं नाव येतं. या प्रश्नावर पुढे आफ्रिकेत हजारो तरुणांवर चाचण्या झाल्या, आपल्या पुण्यातही एक मोठा अभ्यास झाला. निकाल जो लागला तो असा होता की हचिन्सन बरोबर ठरला की चूक, हे एका शब्दात सांगता येत नाही.

तर गोष्ट सुरू होते इंग्लंडमधल्या यॉर्कशायरमधून.

तिथे सेल्बी नावाचं एक छोटं गाव आहे. २३ जुलै १८२८ ला जोनाथन हचिन्सनचा जन्म तिथे झाला. घरचे क्वेकर पंथाचे. साधी राहणी, दारू नाही, दिखावा नाही, खोटं बोलणं तर नाहीच. या घरातला मुलगा पुढे आयुष्यभर वेश्यावस्तीतून येणाऱ्या रोगांवर काम करणार होता, हे तेव्हा कुणाच्या मनातही आलं नसेल.

त्या काळी डॉक्टर व्हायचं म्हणजे आधी कुणाच्या तरी हाताखाली उमेदवारी करायची. जोनाथन यॉर्कमधल्या केलेब विल्यम्स या डॉक्टरकडे राहिला. मग लंडनला सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटलमध्ये जेम्स पॅजेट या नावाजलेल्या सर्जनकडे शिकला आणि १८५० साली पास झाला.

पास झाला खरा, पण लंडनमध्ये नव्या सर्जनला विचारतो कोण? पेशंट मिळेपर्यंत पोट भरायला हवं. म्हणून हा गडी वैद्यकीय साप्ताहिकांसाठी वार्तांकन करायला लागला. लंडनच्या दवाखान्यांत फिरायचं, कुठे कोणती वेगळी केस आली, कुणी काय ऑपरेशन केलं, त्याची टिपणं काढायची आणि छापायची. आजच्या भाषेत हेल्थ बीटचा रिपोर्टर म्हणा.

या कामाने त्याला एक सवय लागली. दिसेल ते लिहून ठेवायचं आणि मोजायचं. ही सवय मरेपर्यंत सुटली नाही. तिनेच त्याला नाव दिलं आणि म्हातारपणी तिनेच त्याला तोंडघशीही पाडलं.

लंडनमध्ये मेट्रोपॉलिटन फ्री हॉस्पिटल नावाचा एक दवाखाना होता. नावाप्रमाणे फुकटचा, चिठ्ठीचपाटी न मागता गरिबांना घेणारा. शहराच्या ज्या बाजूला हा दवाखाना होता तिकडे ज्यू लोकांची मोठी वस्ती होती. त्यामुळे तिथे बाहेरून तपासून जाणाऱ्या रुग्णांमध्ये दर तीन बिगर-ज्यूंमागे साधारण एक ज्यू असायचा. तरुण हचिन्सन इथे काम करत होता.

ज्यू लोकांमध्ये मुलगा आठ दिवसांचा झाला की त्याची सुंता करतात, म्हणजे लिंगाच्या टोकावरची सैल त्वचा काढून टाकतात. आपल्याकडे मुस्लिम समाजात सुंता होते, फक्त तिथे मुलगा थोडा मोठा झाल्यावरही करतात. तेव्हाच्या इंग्लंडमधल्या ख्रिश्चनांमध्ये ही प्रथा नव्हती.

म्हणजे एकाच दवाखान्यात, एकाच डॉक्टरपुढे, सुंता झालेले आणि न झालेले असे दोन्ही प्रकारचे पुरुष येत होते. आणि दोघांनाही गुप्तरोग होत होते. हचिन्सनच्या डोक्यात प्रश्न आला की सारख्याच प्रमाणात होत असतील का?

त्याने १८५४ सालच्या केसेस काढल्या. गुप्तरोगाचे बिगर-ज्यू रुग्ण होते २७२. त्यात १६५ जणांना गरमी आणि १०७ जणांना परमा, म्हणजे गनोरिया. ज्यू रुग्ण होते ५८. त्यात परमा ४७ जणांना आणि गरमी फक्त ११ जणांना.

हे आकडे जरा थांबून बघा. गरमीचे एकूण १७६ रुग्ण. दवाखान्यातल्या ज्यूंच्या प्रमाणाने त्यात चाळीसेक तरी ज्यू असायला हवे होते, होते अकरा.

यावर कुणीही म्हणेल की त्यात काय एवढं, ज्यू लोक धर्माने चालणारे, लवकर लग्न करणारे, बाहेर जातच नसतील. म्हणून रोग कमी. सुंतेचा काय संबंध?

हचिन्सनची हुशारी दिसते ती इथे. त्याने परम्याकडे बोट दाखवलं. परमाही बाहेर गेल्यानेच होतो ना? मग ज्यू पुरुष बाहेर जात नसते तर परमाही कमी दिसला असता. तो तर त्यांच्यात वाट्यापेक्षा कमी नव्हताच, उलट थोडा जास्तच होता. याचा अर्थ दोघांचं वागणं फारसं वेगळं नाही. तरीही गरमी कमी आहे, तर ती कमी करणारी गोष्ट शरीरातच असणार. म्हणजे सुंता.

वय अवघं सत्तावीस. १ डिसेंबर १८५५ च्या मेडिकल टाइम्स अँड गॅझेटमध्ये हा लेख छापून आला.

हे सगळं कधी चाललंय तेही लक्षात घ्या. रोग जंतूंमुळे होतात हेच अजून सिद्ध झालेलं नाही. परम्याचा जंतू सापडला १८७९ मध्ये, गरमीचा १९०५ मध्ये. विषाणू नावाची काही गोष्ट असते याचा कुणाला पत्ता नव्हता. अशा काळात एक रोग दुसऱ्या रोगाच्या मापाने मोजायचा, म्हणजे वागण्यातला फरक बाजूला काढता येईल, ही युक्ती साधी वाटते पण भारी आहे. आजही साथरोगांचे अभ्यासक ती वापरतात.

पण त्या हिशोबात भोकं होती.

पहिलं म्हणजे तेव्हा गरमी ओळखायची कशी, तर जननेंद्रियावरचा फोड बघून. रक्ततपासणी नव्हती. गरमीचा फोड आणि शँक्रॉइड नावाच्या वेगळ्याच रोगाचा फोड डॉक्टर एकाच खात्यात टाकायचे. मग त्या १६५ मध्ये खरी गरमी किती, हे कोण सांगणार? दुसरं असं की हे सगळे दवाखान्यात आलेले लोक. एखाद्या समाजात गरमी ही जास्त लाजेची गोष्ट असेल, तर तो माणूस ओळखीच्या वस्तीतल्या दवाखान्यात येईलच कशाला? लांब कुठेतरी जाईल. आणि तिसरं, सगळ्यात मोठं. ज्यू आणि बिगर-ज्यू यांच्यात फरक फक्त त्या कातडीचा नव्हता. लग्नाचं वय, कुणाशी संबंध ठेवायचे, घरातली स्वच्छता, दारू, सगळंच कमीअधिक वेगळं होतं. परम्याच्या आकड्याने यातलं थोडं झाकलं जातं, सगळं नाही.

हचिन्सनला मात्र स्वतःच्या निष्कर्षाबद्दल शंका उरली नाही.

पुढची तीस-चाळीस वर्षं त्याने जे काम केलं त्याची यादीच दमवणारी आहे. लंडन हॉस्पिटलमध्ये सर्जन. मूरफिल्ड्सच्या डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टर. ब्लॅकफ्रायर्समध्ये त्वचारोगांचा डॉक्टर. एक माणूस एवढ्या ठिकाणी असल्याने त्याला जे दिसलं ते एकाच विषयाच्या डॉक्टरला दिसलं नसतं. डोळ्यांच्या दवाखान्यात बुबुळावर पांढुरका पडदा आलेली मुलं यायची. त्यातल्या कित्येकांचे दात खाच पडलेले असायचे आणि काहींना ऐकू येत नसायचं. डोळेवाला डॉक्टर डोळे बघायचा, दातवाला दात बघायचा. हचिन्सनने तिन्ही गोष्टी जोडल्या, आईवडिलांची चौकशी केली आणि सांगितलं की ही जन्मजात गरमी आहे. १८५८ च्या सुमाराला मांडलेली ही तीन लक्षणांची जोडणी आजही हचिन्सनचं त्रिकूट म्हणून ओळखली जाते. पा सिनेमात अमिताभला जो आजार दाखवलाय, लहान वयात म्हातारं करणारा प्रोजेरिया, त्याचं पहिलं वर्णनही १८८६ साली यानेच केलं.

जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन नावाचा एक तरुण डॉक्टर वैद्यकी सोडून तत्त्वज्ञानाकडे निघाला होता. त्याला समजावून थांबवलं ते हचिन्सनने. हाच जॅक्सन पुढे मेंदूविकारशास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक झाला.

यातली एक गोष्ट विशेष सांगण्यासारखी. तेव्हा देवीची लस दंडावरून दंडावर टोचायचे. एका बाळाला लस दिली की त्याच्या फोडातला द्राव काढून पुढच्यांना टोचायचा. लसीतून गरमी पसरते अशी कुजबुज होती, पण बहुतेक डॉक्टर ती उडवून लावायचे, कारण मान्य केलं तर लसविरोधकांच्या हातात कोलीत. हचिन्सनने १८७१ साली लंडनच्या डॉक्टरांसमोर अशा केसेसच ठेवल्या. लस घेतलेल्या माणसांच्या दंडावर गरमीचा फोड उठला होता आणि लस ज्या बाळाकडून घेतली त्या बाळाला गरमी होती. नाकारायला जागाच उरली नाही.

आणि हे दाखवूनही तो लसीच्या बाजूनेच राहिला. पुढे सरकारने लसीकरणावर जो आयोग नेमला त्यात तो सदस्य होता. लस चांगली, टोचायची पद्धत वाईट, इतका सरळ फरक त्याला करता येत होता. समोर आलेला पुरावा आपल्या बाजूला गैरसोयीचा असला तरी मांडायचा, हे त्याच्याकडून शिकावं. दरवेळी मात्र त्याला हे जमलं नाही.

१८८२ मध्ये रॉयल सोसायटीचा फेलो, १८८९ मध्ये रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सचा अध्यक्ष. त्याच वर्षी त्याने आर्काइव्हज ऑफ सर्जरी नावाचं त्रैमासिक काढलं. वैशिष्ट्य काय, तर लेखकही तोच आणि संपादकही तोच. दहा वर्षांहून जास्त काळ एकटा माणूस अख्खं नियतकालिक लिहीत होता. चुकीला चूक म्हणणारा दुसरा संपादक नसणं ही सोय किती आणि धोका किती, हे या त्रैमासिकाची पानं चाळली की कळतं.

कारण याच त्रैमासिकात १८९० च्या आसपास त्याने सुंतेचा विषय पुन्हा काढला. पण आता सूर बदललेला. १८५५ चा तरुण आकडे मांडत होता, साठी ओलांडलेला सर हचिन्सन (सर ही पदवी खरी १९०८ ची, पण थाट आधीपासूनचा) सरसकट सगळ्या मुलांची सुंता करा म्हणून वकिली करत होता. कारणं कोणती? स्वच्छता राहते, गरमी टळते इथपर्यंत ठीक. पण मुलांची हस्तमैथुनाची सवय सुटते, हेही त्याने जोरात मांडलं.

व्हिक्टोरियन काळातल्या डॉक्टरांना हस्तमैथुनाची जी धास्ती होती ती आज वाचताना हसू येतं. त्याने वेड लागतं, क्षय होतो, माणूस खचतो असं शिकलेसवरलेले लोक लिहायचे. हचिन्सनही त्याच हवेत वाढलेला. त्याचा त्रास असा झाला की सुंता हा विषय पुढे कित्येक दशकं वैद्यकीय कमी आणि नैतिक जास्त झाला. इंग्लंड-अमेरिकेत सुंतेचे समर्थक आणि विरोधक यांचं जे भांडण आजही चालतं, त्यात हचिन्सनचं नाव दोन्ही बाजूंनी घेतलं जातं. एक बाजू १८५५ चा लेख दाखवते, दुसरी १८९० चा.

आता माशांकडे येऊ.

१८६० च्या दशकात हचिन्सन नॉर्वेला गेला. तिथे किनाऱ्यावर कुष्ठरोगाचे बरेच रुग्ण होते. किनाऱ्यावरचे लोक मासे खातात, मासे वाळवतात, खारवतात, कधी ते नीट खारवले जात नाहीत. हचिन्सनने दोन्ही गोष्टी जोडल्या आणि ठरवलं की कुष्ठरोग होतो तो नीट न टिकवलेल्या माशांमुळे.

१८७३ मध्ये नॉर्वेतच हॅन्सनने कुष्ठरोगाचा जंतू शोधला. हचिन्सनने जंतू मान्य केला, पण तो शरीरात जातो कसा, तर माशातून, असं म्हणत स्वतःचा सिद्धांत तसाच पुढे नेला. सत्तरी उलटल्यावर हा माणूस पुरावे गोळा करायला जगभर हिंडला. १९०१ मध्ये दक्षिण आफ्रिका, मग १९०२-०३ च्या हिवाळ्यात भारत आणि श्रीलंका. त्या वयात, त्या काळच्या बोटी आणि रेल्वेने.

भारतात त्याला अडचण आली. इथे मासा तर सोडाच, कांदा-लसूणही न खाणाऱ्या माणसाला कुष्ठरोग होत होता. सिद्धांत तिथेच संपायला हवा होता. पण हचिन्सनकडे उत्तर तयार होतं. मासे खाणाऱ्या कुष्ठरोग्याच्या हातचं अन्न त्याने खाल्लं असणार! अशी पळवाट ठेवली की कुठलाच पुरावा सिद्धांताच्या विरोधात जाऊ शकत नाही. मासे खाल्ले तरी बरोबर, नाही खाल्ले तरी बरोबर. हा सिद्धांत खरा असता तर सुकट, बोंबील आणि सोड्यांवर पावसाळा काढणाऱ्या आपल्या कोकण किनारपट्टीचं काय झालं असतं, विचार करा.

१९०६ मध्ये त्याने यावर जाडजूड पुस्तक लिहिलं. डॉक्टर मंडळींनी ते फारसं मनावर घेतलं नाही. कुष्ठरोग माशातून होत नाही, उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घ आणि जवळच्या सहवासातून पसरतो, हे आज पक्कं माहीत आहे आणि त्यावर गोळ्यांचा चांगला उपचारही आहे.

एक गोष्ट मात्र त्याच्या बाजूने सांगायला हवी. रोग माणसाकडून माणसाला लागत नाही, मासा सोडला की प्रश्न मिटला, असं वाटत असल्याने कुष्ठरोग्यांना जबरदस्तीने कोंडून ठेवायला त्याचा विरोध होता. सिद्धांत चुकीचा, पण त्यामुळे माणसांशी वागणं मात्र त्याच्या काळापेक्षा माणुसकीचं.

२३ जून १९१३ ला हचिन्सन गेला. सरे परगण्यातल्या हॅझलमिअर गावात त्याने गावकऱ्यांसाठी १८८८ मध्ये एक संग्रहालय सुरू केलं होतं, ते आजही आहे.

पण त्याचा प्रश्न त्याच्याबरोबर गेला नाही.

१९८० च्या दशकात एड्स आला. आफ्रिकेत काम करणाऱ्यांच्या लक्षात आलं की काही भागांत एचआयव्ही वणव्यासारखा पसरतोय आणि काही भागांत नाही. १९८९ मध्ये काही अभ्यासकांनी आफ्रिकेतल्या समाजांची सुंतेची प्रथा आणि एचआयव्हीचं प्रमाण शेजारी शेजारी ठेवलं. जिथे सुंता होत नाही तिथे एचआयव्ही जास्त. नैरोबीत त्याच सुमाराला गुप्तरोगाच्या दवाखान्यात आलेल्या पुरुषांवर अभ्यास झाला, त्यातही तोच कल दिसला.

आणि लगेच तोच जुना वाद. सुंता झालेले बरेचसे मुस्लिम आहेत, ते दारू कमी पितात, त्यांचे लैंगिक संबंधांचे नियम वेगळे आहेत. मग श्रेय कशाचं? १८५५ च्या लंडनमध्ये ज्यू, १९९० च्या आफ्रिकेत मुस्लिम, प्रश्न तोच.

इथे पुणे येतं. भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतल्या आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी मिळून पुण्यातल्या गुप्तरोगाच्या दवाखान्यांत येणाऱ्या २,२९८ पुरुषांचा अभ्यास केला. सुरुवातीला यातल्या कुणालाच एचआयव्ही नव्हता. पुढे कुणाला होतो ते बघत राहायचं. २००४ साली लॅन्सेटमध्ये निकाल आले. सुंता झालेल्यांमध्ये एचआयव्हीची नवी लागण होण्याचा धोका साधारण सहापटीने कमी निघाला. पण गुप्तांगाचा हर्पिस, गरमी आणि परमा यांच्यात तसा फरक दिसला नाही.

ओळखीचं वाटतंय? हाच तर हचिन्सनचा डाव. बाकीचे गुप्तरोग दोन्हीकडे सारखेच आहेत, म्हणजे वागणं फार वेगळं नसावं. तरी एचआयव्ही कमी आहे, म्हणजे कारण शरीरात असावं. फरक इतकाच की दीडशे वर्षांपूर्वी गरमी कमी दिसली होती, पुण्यात गरमीत फरकच नाही.

तरीही पुण्यात सुंता झालेले पुरुष थोडे होते आणि ते बहुतेक मुस्लिम होते. धर्म आणि सुंता इथेही पूर्णपणे वेगळे काढता येत नव्हते. हे वेगळं काढायचा एकच मार्ग होता आणि तो हचिन्सनच्या काळात कुणाला सुचलाही नसता. सुंता कुणाची होणार ते धर्माने, जातीने, घराण्याने नाही, तर चिठ्ठी टाकून ठरवायचं.

तसंच झालं. सुंता करून घ्यायला तयार असलेले तरुण घ्यायचे. चिठ्ठीने अर्ध्यांची सुंता आता, उरलेल्यांची अभ्यास संपल्यावर. दोन्ही गटांना सारखाच सल्ला, सारखेच कंडोम. दक्षिण आफ्रिकेत ऑरेंज फार्म इथे ३,२७४, केनियात किसुमूला २,७८४ आणि युगांडात राकाई इथे ४,९९६ पुरुष. पहिल्या चाचणीत सुंता झालेल्या गटात २० जणांना एचआयव्हीची लागण झाली आणि दुसऱ्या गटात ४९ जणांना. उरलेल्या दोन ठिकाणीही दुसऱ्या गटात लागण दुपटीच्या आसपास. फरक इतका स्पष्ट होता की तिन्ही चाचण्या मुदतीआधीच थांबवाव्या लागल्या. फायदा दिसत असताना अर्ध्या लोकांना त्यापासून लांब ठेवणं योग्य नव्हतं. मार्च २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एचआयव्ही खूप पसरलेल्या भागांसाठी सुंतेची शिफारस केली आणि त्यानंतर पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत अडीच कोटींहून जास्त पुरुषांनी स्वेच्छेने सुंता करून घेतली.

कारण काय असावं? लिंगाच्या टोकावरच्या त्वचेची आतली बाजू पातळ आणि ओलसर असते. एचआयव्ही ज्या पेशींना पकडून शरीरात शिरतो त्या तिथे भरपूर असतात, संबंधाच्या वेळी तिथे बारीक जखमाही होतात. ती त्वचाच नसेल तर विषाणूचं एक दार कमी होतं.

एक दार. सगळी नाहीत. हे नीट वाचा, कारण सोशल मीडियावर यातलं अर्धंच फिरतं. या चाचण्यांत दिसलेलं संरक्षण साधारण ५० ते ६० टक्के होतं, तेही बाईकडून पुरुषाला होणाऱ्या लागणीपासून. ज्या पुरुषाला आधीच एचआयव्ही आहे त्याची सुंता केल्याने त्याच्या जोडीदार बाईचा धोका कमी होतो का, हेही युगांडात तपासलं. कमी होताना दिसला नाही. कंडोमची गरज कुणाचीच संपली नाही. आणि ही शिफारस त्या देशांसाठी होती जिथे साथ सगळ्या समाजात पसरली आहे. भारतात एचआयव्हीचं चित्र वेगळं आहे, ती शिफारस आपल्याला जशीच्या तशी लागू होत नाही.

राकाईच्या चाचणीत बाकीचे रोगही मोजले होते. ते आकडे २००९ मध्ये आले. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणारा एचपीव्ही हा विषाणू, त्याचे धोकादायक प्रकार सुंता झालेल्यांमध्ये १८ टक्के, न झालेल्यांमध्ये जवळपास २८ टक्के. गुप्तांगाच्या हर्पिसचा विषाणू चतुर्थांशाहून थोडा जास्त कमी. हर्पिसबाबत सगळीकडे एकसारखं चित्र नाही, पुण्यातही फरक दिसला नव्हता, पण एचपीव्हीचा फायदा इतर चाचण्यांतही दिसला. यातले सगळे विषाणू. हचिन्सनच्या शब्दकोशात नसलेली गोष्ट.

आणि गरमी? ज्या रोगासाठी हचिन्सनने १८५५ मध्ये ११ आणि १६५ हे आकडे शेजारी ठेवले होते, त्यावर युगांडात सुंतेचा परिणाम काय झाला? काहीही नाही. दोन्ही गटांत नव्या लागणीचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं.